केसपेपरवर नसलेला खड्डा

पावसाळा लागला की सरकारी रुग्णालयात दोन रांगा लांबतात. एक तापाची, दुसरी पडलेल्यांची. तापाच्या रांगेमागे निदान एक यंत्रणा उभी असते. डेंग्यूचा एक रुग्ण निघाला तरी त्याचा पत्ता कळवला जातो, आरोग्य कर्मचारी त्या गल्लीत जातात, कूलर, रांजण, जुने टायर तपासतात, साचलेले पाणी ओतून देतात. पडलेल्यांच्या रांगेतला माणूस मात्र मनगटाला प्लास्टर घालून किंवा भुवईला चार टाके घेऊन घरी जातो. तो ज्या खड्ड्यात पडला, त्या खड्ड्याकडे कोणी जात नाही. आठ दिवसांनी त्याच जागेवर पडलेला दुसरा माणूस येतो.

"कसे पडलात?" या प्रश्नाला आमच्या वऱ्हाडात ठरलेले उत्तर मिळते, "काही नाही जी, गाडी गड्ड्यात गेली." त्या 'काही नाही'त सगळे आले. गड्डा म्हणजे जणू पावसासारखी वरून आलेली गोष्ट, तिच्याबद्दल काय बोलायचे! मग केसपेपरवर उमटते, 'दुचाकीवरून पडून जखमी'. वाक्य खरे असते, पण त्यातून गड्डा गळालेला असतो आणि तो नेमका कुठला, हेही गळालेले असते. विषमज्वराच्या रुग्णाच्या कागदावर नुसते 'अशक्तपणा' लिहावे, तसा हा प्रकार.

हे लिहिताना डोळ्यांसमोर शेंदूरजनाघाट आहे. वरुड तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचे हे नगरपरिषदेचे गाव. संत्र्याचे आणि संत्र्याच्या कलमांचे. इथले रस्ते इतरांपेक्षा वाईट आहेत, असे मला म्हणायचे नाही. पण अशा गावात माणसाचा दिवस दुचाकीवरच जातो. सकाळी वावरात, दुपारी बँकेत किंवा वरुडला, संध्याकाळी परत वावरात आणि रात्री शेतीची वीज आली की अंधारात ओलितासाठी पुन्हा तोच रस्ता. मागे बायको, मध्ये लेकरू, पुढे खताची बॅग. आंबिया बहाराची तोड सुरू झाली की त्याच रस्त्यावर संत्र्याने भरलेले ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. मोठ्या शहरात खड्ड्याने वाहतूक तुंबते, इथे दुचाकीवाला पडतो. आणि त्याच्या डोक्याला जबर मार लागला तर मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी अमरावती किंवा नागपूर, म्हणजे नव्वद-शंभर किलोमीटरचा आणखी एक रस्ता.

खड्डा एका पावसात पडल्यासारखा दिसतो, पण त्याची तयारी उन्हाळ्यापासून चाललेली असते. डांबर लवचीक असते तोवर ते खडी धरून ठेवते. आपल्याकडच्या ४५-४६ अंशांच्या उन्हात वर्षानुवर्षे भाजून आणि हवेतल्या ऑक्सिजनमुळे ते कडक, ठिसूळ होते. वरून गाडी गेली की वाकण्याऐवजी तडकते. त्या केसासारख्या भेगांतून पावसाचे पाणी खाली उतरते. खाली खडी-मुरूम, आणि त्याखाली पुष्कळ ठिकाणी काळी माती. आपली काळी माती बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली आहे. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. पत्त्यांच्या कॅटसारखे त्याचे पापुद्रे असतात. पाणी मिळाले की ते पापुद्र्यांमध्ये शिरते आणि माती फुगते. उन्हाळ्यात तीच माती आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कपाशीला ही माती मानवते, रस्त्याला नाही. पाणी मुरलेल्या थरावरून जड चाक गेले की दाबाने आतले पाणी बारीक माती बरोबर घेऊन भेगेतून वर उसळते. पावसात डांबराच्या भेगेतून गढूळ पाणी येताना दिसले तर समजावे, खालचा आधार वाहून चालला आहे. एक दिवस वरचा थर आत बसतो आणि आपण म्हणतो, काल तर इथे काहीच नव्हते.

त्यात माणसांची भर असतेच. नळाच्या जोडणीसाठी रस्ता आडवा खोदायचा आणि चरात नुसती माती लोटून द्यायची. पहिल्या पावसात ती बसते आणि रस्त्यावर आडवी खाच तयार होते. नाली तुंबली की तिचे पाणी रस्त्यावर पसरते. साचलेले पाणी हा डांबराचा सर्वांत मोठा शत्रू. नाली तशीच राहिली तर तोच खड्डा वर्षातून तीनदा भरला तरी तीनदा उखडतो.

रस्ता मोडतो कोण आणि त्याची किंमत मोजतो कोण, याचाही एक हिशेब आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात एक मोठा प्रयोग झाला. मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवरून वेगवेगळ्या वजनाचे ट्रक सतत फिरवून रस्ता किती खराब होतो, ते मोजले गेले. निष्कर्ष असा, की अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, सुमारे सोळापट होते. अभियंते याला चौथ्या घाताचा नियम म्हणतात. तो अंदाजी आहे, पण त्याच्या आधारे गणित करून पाहा. दहा टनांचा भार असलेला एक अ‍ॅक्सल रस्त्यावरून एकदा गेला की जी झीज होते, ती करायला शंभर किलो भार असलेल्या दुचाकीच्या चाकाला दहा कोटी वेळा जावे लागेल. म्हणजे रस्ता मोडण्यात दुचाकीवाल्याचा वाटा जवळजवळ शून्य. ट्रकचे मोठे चाक मात्र तोच खड्डा ओलांडून जाते आणि स्कूटीचे लहान चाक त्यात जवळजवळ पुरते उतरते.

चाक आत उतरले की काय होते? पुढचे चाक अचानक अडते, चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो आणि सहज प्रतिक्रिया म्हणून हात पुढे करतो. त्या पंज्यावर सगळे वजन येते. मनगटाजवळचे हाड मोडते, नाही तर खांद्याचा धक्का गळपट्टीच्या हाडावर जातो. हनुवटी आपटली तर जबडा आणि दात. हे सगळे दुरुस्त होते. मागे बसलेल्याचे तसे नाही. त्याला खड्डा येतोय हे दिसतच नाही. एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई, एका हाताने लेकरू धरलेले, दुसऱ्या हातात पिशवी. धक्का बसताच ती मागच्या बाजूला पडते आणि डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आदळतो. अपघात विभागात मला सर्वांत जास्त भीती या मागे बसलेल्या बायांची वाटते.

"गाडी तर हळूच होती जी," असे नातेवाईक सांगतात आणि ते खरेच असते. पण दीड मीटर उंचीवरून डोके खाली आले तर गाडी उभी असली तरी ते ताशी सुमारे वीस किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. हे साधे शाळेतले गणित आहे. कवटीच्या हाडाखालची रक्तवाहिनी फाटायला तेवढा वेग पुरतो. म्हणून 'गावातल्या गावात हेल्मेट कशाला' या प्रश्नाचे उत्तर गावातल्या खड्ड्यातच आहे. हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो, असे जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. मागे बसणाऱ्यालाही ते कायद्याने लागते, हे अजून कोणाला पटत नाही.

डोक्याला मार लागलेला माणूस उठून बसला, बोलला, चहा प्यायला म्हणून निर्धास्त होऊ नये. कवटीच्या आत रक्त साचत असेल तर काही तास तो अगदी ठीक वाटतो आणि मग घसरत जातो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपाळूपणा, असंबद्ध बोलणे, झटका, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानातून किंवा नाकातून पातळ पाणी येणे, यांतले एकही दिसले तर रात्र काढू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांना तर किरकोळ मारानंतरही दाखवावेच. आणि जखमीला दोघांच्या मध्ये मोटारसायकलवर बसवून आणायची जी पद्धत आहे, ती सोडावी. मानेचा मणका मोडला असेल तर त्या प्रवासात मज्जारज्जूला इजा होऊ शकते. १०८ ला फोन करावा, मान हलू देऊ नये, तोंडात पाणी घालू नये.

खड्ड्याचे सगळे रुग्ण खाली पडलेले नसतात. ऑटोच्या किंवा बसच्या मागच्या सीटवर बसलेली साठीतली बाई धक्क्याने वर उडते आणि सीटवर आपटते. मागचा भाग चाकाच्याही मागे असल्यामुळे तिथे उसळी सर्वांत जास्त. पाळी गेल्यावर हाडे विरळ झालेली असतात. पाठ जिथे कमरेला मिळते, तिथला मणका दबून चपटा होतो. घरचे म्हणतात चमक भरली, मालिश होते, शेक होतो आणि पंधरा दिवसांनी ती वाकलेल्या पाठीने दवाखान्यात येते. धक्क्यानंतर पाठीचे दुखणे दोन-चार दिवसांत उतरले नाही, खोकताना कळ आली, तर मालिश थांबवून एक्स-रे काढावा.

गरोदर बाईबद्दलची एक समजूत मात्र दूर करायला हवी. रस्त्याच्या धक्क्यांनी गर्भपात होतो, असे सर्रास मानले जाते आणि मग त्या बाईलाच बोल लावला जातो, 'कशाला गेली होती?' सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भातल्या गुणसूत्रांच्या दोषामुळे होतात. साध्या धक्क्यांनी गर्भ निसटत नाही. गाडीवरून पडून पोटावर थेट मार बसला तर मात्र वार सुटण्याचा धोका असतो. अशा वेळी रक्तस्राव नसला तरी तपासणी हवी. खराब रस्त्याचा गरोदर बाईला खरा धोका आहे तो वेळेचा. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला की मिनिटे मोजायची असतात आणि खड्डे चुकवत जाणारी रुग्णवाहिका ती मिनिटे रस्त्यात सांडत जाते.

विषय निघालाच आहे म्हणून एक गंमत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. पोटदुखीच्या रुग्णांना त्यांनी विचारले, येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखणे वाढले का? ज्या ३४ जणांना अपेंडिक्सचा दाह असल्याचे पुढे सिद्ध झाले, त्यांपैकी ३३ जणांनी 'हो' म्हटले होते. पोटातले आवरण सुजलेले असले की प्रत्येक धक्का टोचतो. आमच्या भागातल्या रुग्णाला हा प्रश्न विचारायला गतिरोधक शोधावा लागणार नाही.

आता आकड्यांकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांतले खड्ड्यांमुळे झालेले मृत्यू १,८५६, आदल्या वर्षी १,४८१. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांतला खड्डाबळींचा आकडा १४,९२६ आहे हे समोर आले, तेव्हा डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली होती. हे आकडे मोठे आहेत, पण माझ्या मते ते खऱ्यापेक्षा बरेच लहान आहेत. कारण हे आकडे येतात पोलिसांच्या नोंदीतून. एकटाच खड्ड्यात पडून मनगट मोडलेला माणूस पोलीस ठाण्यात जातच नाही. दुसऱ्या गाडीने धडक दिलेली नसते, मग तक्रार कोणाविरुद्ध करायची? उलट हेल्मेट नव्हते, लायसन्स नव्हते, म्हणून 'पोलीस केस नको' अशी विनवणी होते. प्रकरण गंभीर झाले तरी 'वाहनावरील ताबा सुटून' या तीन शब्दांत खड्डा पुन्हा एकदा नाहीसा होतो.

ही गळती भरून काढण्याचा मार्ग एका डॉक्टरने वेगळ्याच दुखण्यावर शोधला आहे. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे सर्जन. मारामारीत जबडे फुटलेले रुग्ण त्यांच्याकडे येत. त्यांच्या लक्षात आले, की यांतल्या बहुतेक घटना पोलिसांच्या दप्तरात नाहीतच. मग अपघात विभागात नोंदणी करतानाच तीन साध्या गोष्टी विचारायला सुरुवात झाली. कुठे झाले, केव्हा झाले, कशाने झाले. नावे काढून ही माहिती नियमितपणे पोलीस आणि नगर प्रशासनाला दिली जाऊ लागली. कोणत्या दारूच्या गुत्त्याबाहेर, कोणत्या वारी, कोणत्या वेळी डोकी फुटतात, हे नकाशावर दिसू लागले आणि बंदोबस्त तिथे वळवला गेला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तुलनेतल्या शहरांपेक्षा ४२ टक्क्यांनी कमी आढळले. औषध नवे नव्हते, यंत्र नवे नव्हते. नवा होता तो फक्त 'कुठे?' हा प्रश्न.

खड्ड्यांच्या बाबतीत या 'कुठे'ला महाराष्ट्रात आता कायद्याचे वजनही आले आहे. मुंबई उच्च न्यायालयातले खड्ड्यांचे प्रकरण सुरू झाले ते २०१३ साली, न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या एका पत्रावरून. न्यायाधीशांनाही सुरुवात लेखी तक्रारीनेच करावी लागली, हे मला महत्त्वाचे वाटते. त्याच प्रकरणात २०१५ मध्ये न्यायालयाने म्हटले, की चांगल्या स्थितीतला रस्ता हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. आणि १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशाने रक्कमही ठरली. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमीला दुखापतीच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख. नगरपरिषदेच्या हद्दीत हे ठरवायचे ते मुख्याधिकारी आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने. खड्डा निदर्शनास आल्यापासून ४८ तासांत त्याची दखल घेऊन काम करायचे, असेही त्यात आहे. शिवाय मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९८-अ नुसार, रस्त्याच्या देखभालीत कसूर झाल्याने मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

'निदर्शनास आल्यापासून' या शब्दांकडे नीट पाहा. ४८ तासांचे घड्याळ सुरू करायचे तर खड्डा कोणाच्या तरी निदर्शनास आला याचा पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे तारखेची तक्रार.

आणि लहान गावात घोडे इथेच अडते. मुंबईतल्या माणसाला अभियंता ओळखत नाही. शेंदूरजनाघाटसारख्या गावात नगरसेवक शेजारी असतो, कंत्राटदार साळ्याच्या नात्यातला निघतो, आवक-जावक सांभाळणारा लिपिक वर्गमित्र असतो. सही करून तक्रार दिली की ती व्यक्तीविरुद्ध दिली, असे समजले जाते. म्हणून सगळा व्यवहार पानठेल्यावर तोंडी चालतो, "भाऊ, तेवढा गड्डा पाहून घ्या ना." भाऊही "हो, पाहून घेऊ" म्हणतात आणि त्यांच्या मनात तसे असतेही. पण तोंडी तक्रारीला तारीख नसते. मला वाटते, यावर उपाय म्हणजे तक्रारीतून माणूस काढून टाकणे. कोणाचा दोष हे लिहूच नये. डॉक्टर एक्स-रेवर जसे लिहितो तसे लिहावे, कुठे, केवढे, केव्हापासून, काय परिणाम. आणि एकट्याने देण्यापेक्षा गल्लीतल्या आठ-दहा जणांनी, बचत गटाने किंवा शाळेच्या पालकांनी सह्या करून दिली तर कोणाचेच नाव पुढे येत नाही.

रस्ता कोणाचा आहे, हे आधी ठरवावे लागते. नाहीतर कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरतो. गावातल्या गल्ल्या आणि अंतर्गत रस्ते नगरपरिषदेचे, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. गावाला तालुक्याशी जोडणारे मोठे रस्ते बहुधा सार्वजनिक बांधकाम विभागाचे, त्यांच्यासाठी विभागाचे 'पीसीआरएस' हे खड्डे कळवण्याचे अ‍ॅप आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३ हा क्रमांक आणि 'राजमार्गयात्रा' अ‍ॅप. पंतप्रधान ग्रामसडक योजनेतल्या रस्त्यांसाठी 'मेरी सडक' अ‍ॅप. त्या रस्त्यांच्या कडेला फलक असतो आणि त्यावर कंत्राटदार व देखभालीची पाच वर्षे लिहिलेली असतात, तो फलकच फोटोत घ्यावा. कोणाचा रस्ता हे कळतच नसेल तर 'आपले सरकार' पोर्टलवर टाकावे. पांदण रस्त्यांची कथा वेगळी आहे. तिथे आधी अतिक्रमण, मग मुरूम आणि मग खड्डा, त्यावर केव्हातरी स्वतंत्र लिहायला हवे.

अर्जात 'आमच्या भागातील रस्त्यांची दुरवस्था झाली आहे' असे लिहिले की तो अर्ज मेला. तेवढ्यावर कोणताही अभियंता कुठे जाऊ शकत नाही. विजेच्या खांबाचा क्रमांक, किलोमीटरचा दगड किंवा दुकानाची पाटी यांपासून किती पावले, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, किती वीत लांब-रुंद. खोली काठी उभी करून मोजावी, पाणी भरलेले असेल तर हमखास मोजावी, कारण पाण्याने खोली लपते. फोटोत मापासाठी विटेचा तुकडा किंवा चप्पल ठेवावी, मागे ओळखीची खूण दिसू द्यावी. रात्री तिथे दिवा लागतो का, बाजूची नाली तुंबली आहे का आणि आजवर तिथे किती जण पडले, हे लिहावे. अर्जाची दुसरी प्रत घेऊन जावी आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. दोन दिवसांनी त्याच जागेवरून तसाच फोटो पुन्हा काढावा. रस्ता नुकताच झालेला असेल तर माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर, त्या कामाचा दोषदायित्व कालावधी कधीपर्यंत आहे, तेवढे विचारावे. तो संपलेला नसेल तर दुरुस्ती कंत्राटदाराच्या खर्चाने व्हायची असते.

खड्डा भरला जाताना लोकांनी उभे राहून पाहावे, असे माझे मत आहे. वरून टोपलीभर मुरूम टाकून गेले तर तो पुढच्या पावसात चिखल होतो आणि उन्हात धूळ. ती धूळ रस्त्याकडेला बसणाऱ्या भाजीवालीच्या छातीत जाते. नीट काम म्हणजे सैल कडा चौकोनी कापून काढणे, आतले पाणी आणि माती साफ करणे, तळाला व कडांना डांबराचा हात देणे, मग थराथराने मिश्रण भरून प्रत्येक थर दाबणे. पावसाळ्यातही टाकता येईल असे थंड मिश्रण बाजारात मिळते. आपल्याच वऱ्हाडात जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अखंड टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. जिथे तेवढे तंत्र आणि यंत्र उभे राहू शकते, तिथे चार फुटांचा खड्डा नीट भरायला तंत्र नाही, असे कोणी म्हणू नये.

अंधेरीतले भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा जुलै २०१५ मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर खड्ड्यामुळे गेला. तेव्हापासून ते स्वतः मुंबईतले खड्डे बुजवत आले आहेत. त्यांच्या हातांना नमस्कार. पण घमेले उचलण्याआधी फोटो काढा आणि अर्ज द्या, असे मी सांगेन. लोकांनी माती टाकून बुजवलेला खड्डा चार दिवसांत उघडतो आणि दरम्यान त्याची नोंद कुठेच नसते.

आता दवाखान्याची बाजू. पडून आलात, शुद्धीवर आहात, तर डॉक्टरांना जागा सांगा आणि ती केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. शुद्धीवर नसलेल्याचे काम नातेवाइकांनी करावे. अपघाताची खबर रुग्णालय पोलिसांना देते. ती टाळायची विनवणी करू नका. नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर आधी बघितला जाईल तो हाच कागद. अपघातग्रस्तांवर पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे, तिलाही नोंद लागतेच. कोणी दारू प्यालेला असेल तर तेही कागदावर येईल, यायलाच हवे. त्याने खड्डा भरून निघत नाही.

आणि रुग्णालयांनी, सरकारी असोत की खासगी, एवढे करावे. अपघाताच्या नोंदवहीत 'जागा' असा एक रकाना वाढवावा. महिन्याच्या शेवटी त्यातून नावे वगळून फक्त जागांची यादी काढावी, ज्या जागेवर दोनपेक्षा जास्त माणसे पडली ती वर, आणि एक प्रत मुख्याधिकाऱ्यांना, एक बांधकाम विभागाला, एक पोलीस ठाण्याला पाठवावी. यासाठी पद मंजूर करून घ्यावे लागत नाही, अनुदान मागावे लागत नाही. नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्याने केसपेपर फाडताना वर मान करून एवढेच विचारायचे, "कुठच्या गड्ड्यात जी?"